क्लाउडवर सर्व्हर वाढवले, तरी साइट का बसते?

वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात एकच रडगाणं वेगवेगळ्या सुरांत होतं: क्लाउड (म्हणजे भाड्याचे सर्व्हर) घेतला, बिल भरलं, तरी काम अडतंच. पत्रं वाचता वाचता लक्षात आलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी रुतली आहे. काम दहा मशिनींत वाटणं सोपं असतं. त्या दहाही जणींना लिहायला वही मात्र एकच असली, की वहीपाशी रांग लागते. वही म्हणजे डेटाबेस. खालच्या उत्तरांत ही वही वारंवार येईल.

प्रश्न: आमचे नीट आणि सीईटीचे क्लास आहेत. दर रविवारी सकाळी १० वाजता ऑनलाइन टेस्ट असते, साधारण ६,००० मुलं एकदम येतात. दोन सर्व्हरवर साइट रडतखडत चालायची. म्हणून आठ केले, तर साइट पूर्णच बसली आणि 'टू मेनी कनेक्शन्स' असा एरर यायला लागला. सर्व्हर दोन-दोन कोअरचे आहेत, डेटाबेस मायएसक्यूएल, प्रत्येक सर्व्हरचा कनेक्शन पूल २० चा. वाढवून उलटं कसं झालं?
(क्लासचालक, नंदनवन, नागपूर)

उत्तर: कनेक्शन पूल म्हणजे प्रत्येक सर्व्हरने डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्या. गुणाकार करून पाहा. दोन सर्व्हर गुणिले २० म्हणजे ४० कनेक्शन. आठ सर्व्हर गुणिले २० म्हणजे १६०. मायएसक्यूएल मूळ सेटिंगवर १५१ कनेक्शन घेतो, त्यापुढच्याला दारातूनच परत पाठवतो. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस असता तर ही मर्यादा १०० ची असती, म्हणजे पाचव्या-सहाव्या सर्व्हरलाच तुम्ही अडकला असता. क्लाउड कंपनीने सांभाळलेला डेटाबेस घेतला असेल तर आकडा मशिनीच्या मेमरीवरून ठरतो, पण गणित हेच.

अशा वेळी पहिला मोह होतो तो १५१ चे १,००० करण्याचा. करू नका. डेटाबेसच्या मशिनीला चार कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे चार हात, असतील तर एका क्षणी खरं काम चारच कनेक्शनचं चालतं, बाकीची मेमरी अडवून ताटकळत उभी राहतात. उलट पूल कमी करा. प्रत्येक सर्व्हरला ८ ठेवले की एकूण ६४ होतात. एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली एक विचारणा, ५ मिलिसेकंदांत संपत असेल तर एक कनेक्शन सेकंदाला २०० क्वेऱ्या उरकतं, त्यामुळे ६४ तुम्हाला कमी पडणार नाहीत. कमी पडले तर चूक क्वेरीत आहे असं समजा: बहुधा उत्तरांच्या टेबलवर विद्यार्थी क्रमांकाचा इंडेक्स (पुस्तकामागे असते तशी सूची) नसतो आणि दर वेळी आख्खं टेबल चाळलं जातं. स्लो क्वेरी लॉग, म्हणजे रेंगाळणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद, एका रविवारी चालू ठेवा, दोषी क्वेरी नाव-गावासकट सापडेल.

आता दोन सर्व्हरवर साइट रडत का होती, ते. पासवर्ड तपासण्याचं काम मुद्दाम जड ठेवलेलं असतं, चोराला लाखो पासवर्ड भराभर आजमावता येऊ नयेत म्हणून. बीक्रिप्ट या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीत कॉस्ट, म्हणजे जडपणाचा आकडा, १२ असेल तर एका लॉगिनला प्रोसेसरचा साधारण पाव सेकंद जातो. ६,००० मुलं म्हणजे १,५०० सेकंदांचं काम. दोन सर्व्हरचे मिळून चार कोअर, म्हणजे सव्वासहा मिनिटं नुसत्या लॉगिनला. आठ सर्व्हरच्या सोळा कोअरवर हेच दीड मिनिटात होतं. तेव्हा सर्व्हर वाढवण्याचा निर्णय तुमचा बरोबर होता, वही तेवढी मागे राहिली. आणि फुकटचा उपाय हवा असेल तर लॉगिन साडेनऊलाच उघडा, पेपर दहाला. गर्दी अर्ध्या तासात पसरते.

पेपर सगळ्यांना एकच असतो, तो प्रत्येक मुलासाठी डेटाबेसमधून काढायचं कारण नाही. दहाच्या आधी एक फाइल करून सीडीएनवर (फाइली वाटणाऱ्या जागोजागच्या सर्व्हरवर) ठेवा, आकृत्यांसकट, कुलूपबंद. किल्ली दहाला द्या. मग डेटाबेसकडे फक्त उत्तरं येतात: मिनिटाला प्रत्येकी एक उत्तर धरलं तरी सेकंदाला १०० नोंदी, हे साध्या मशिनीलाही झेपतं.

ऑटोस्केलिंगवर, म्हणजे गर्दी पाहून आपोआप सर्व्हर वाढवण्यावर, विसंबू नका. ते प्रोसेसरवरचा सरासरी भार पाहून जागं होतं. मोजमाप मिनिटा-मिनिटाने किंवा पाच-पाच मिनिटांनी येतं, नवी मशीन उठून कामाला लागेपर्यंत आणखी दोन-तीन मिनिटं जातात. दहाची झुंबड तोवर ओसरलेली असते, किंवा मुलं पालकांना घेऊन ऑफिसात आलेली असतात. तुम्हाला वेळ आधीच ठाऊक आहे, तेव्हा ठरलेल्या वेळेचं स्केलिंग लावा: सव्वानऊला आठ, दीडला परत दोन.

राहिल्या दोन खाचखळग्यांच्या जागा. लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी कामं सर्व्हरांत वाटून देणारा, ठरावीक वेळाने प्रत्येक सर्व्हरला 'जिवंत आहेस का' विचारतो, त्याला हेल्थ चेक म्हणतात. त्याचं पान जर डेटाबेसला हात लावत असेल तर डेटाबेस जरा मंदावताच आठही सर्व्हर एकदम 'मेलेले' ठरतात. ते पान रिकामं ठेवा, सर्व्हरने 'हो' म्हटलं की पुरे. दुसरी जागा मोबाइल अॅपमधली. उत्तर आलं नाही की अॅप दर दोन सेकंदांनी पुन्हा विचारत असेल, तर ६,००० फोन सेकंदाला ३,००० हाका मारतात आणि पडलेला सर्व्हर उठूच शकत नाही. थांबण्याचा वेळ २, ४, ८, १६ सेकंद असा दुप्पट करत न्या आणि प्रत्येक फोनला त्यात थोडा यादृच्छिक फरक द्या, नाहीतर सगळे मिळून एकाच ठोक्याला येतात.

शनिवारी जेमीटर या चाचणीच्या सॉफ्टवेअरने खोटी गर्दी पाठवून पाहा. मात्र ती क्लाउडमधल्याच दुसऱ्या मशिनीवरून पाठवा. ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवलीत तर चाचणी होईल ती तुमच्या ब्रॉडबँडची.

प्रश्न: दुसरा सर्व्हर लावल्यापासून आमच्या साडीच्या दुकानाच्या साइटवर ग्राहकांचं लॉगिन मधूनच उडतं. बॅगेत टाकलेल्या साड्याही गायब होतात, आणि पान रिफ्रेश केलं की कधी परत येतात.
(दुकानदार, सीताबर्डी)

उत्तर: 'कधी परत येतात' यातच सगळं आलं. ग्राहकाची बॅग पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर फाइल म्हणून ठेवलेली आहे. पुढची विनंती दुसऱ्याकडे गेली की त्याला ग्राहक अनोळखी. सेशनची माहिती, म्हणजे लॉगिन आणि बॅग, दोघांच्याही बाहेर, रेडिससारख्या (मेमरीतून चालणारा वेगवान डेटाबेस) सामायिक जागी ठेवा. साइट पीएचपी भाषेत असेल तर हे दोन ओळींच्या सेटिंगचं काम आहे. 'स्टिकी सेशन' लावून ग्राहकाला एकाच सर्व्हरला बांधता येतं, तुमचा माणूस तेच सुचवेल कारण ते एका टिचकीत होतं. पण तो सर्व्हर बंद पडला की बॅगा त्याच्यासोबत जातात. साड्यांचे अपलोड केलेले फोटोही तपासा, तेही एकाच डिस्कवर असतील तर अर्ध्या ग्राहकांना फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसत असणार.

प्रश्न: किराण्याचा ठोक धंदा आहे. एक दुकान इतवारीत, दुसरं वर्धा रोडला, माल दोघांचा कळमन्याच्या एकाच गोदामात. बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे. मागच्या महिन्यात तूर डाळीचे शेवटचे १२ कट्टे दोन्ही दुकानांनी विकले. स्क्रीनवर दोन्हीकडे १२ दिसत होते म्हणे. ही चूक कोणाची धरायची?
(व्यापारी, इतवारी)

उत्तर: मुनिमांची नक्कीच नाही. येथे दोन शक्यता आहेत आणि दोन्हीही एकदम असू शकतात.

एक, सॉफ्टवेअर साठा वाचतं एका डेटाबेसमधून आणि लिहितं दुसऱ्यात. वाचणाऱ्यांची गर्दी वाटून घ्यायला मूळ वहीच्या नकला ठेवतात, त्यांना रेप्लिका म्हणतात. नक्कल मूळ वहीच्या किंचित मागे असते. एरवी काही मिलिसेकंद, पण रात्रीचा मोठा रिपोर्ट भर दुपारी कोणी चालवला तर अर्धा मिनिटही. अहवाल, यादी, कालची विक्री हे नकलेवरून वाचायला हरकत नाही. बिल करताना साठा मूळ वहीतूनच पाहिला पाहिजे.

दोन, तेवढ्यानेही पुरत नाही. इतवारीने वाचलं १२, वर्धा रोडने वाचलं १२, मग दोघांनी '१२ वजा १२' करून शून्य लिहिलं. दोघांच्याही वाचण्या-लिहिण्यात फट राहिली, त्या फटीतून कट्टे गेले. वाचणं आणि लिहिणं एकाच आज्ञेत हवं: 'साठा १२ किंवा जास्त असेल तरच त्यातून १२ वजा कर.' डेटाबेस उत्तर देतो की किती ओळी बदलल्या. १ आलं तर बिल छापा, ० आलं तर 'माल संपला' दाखवा. डेटाबेस एका ओळीवर एका वेळी एकालाच लिहू देतो, त्यामुळे दुसऱ्या दुकानाला शून्यच मिळणार. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला नेमकं हे विचारा: साठा कमी करणारी आज्ञा एक आहे की दोन? तो घुटमळला तर दोन आहेत.

इंटरनेट गेल्यावर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पावसाळ्यात तो येणारच. जोडणी तुटली की दोनच मार्ग उरतात: विक्री थांबवा, नाहीतर चुकीचा साठा होण्याचा धोका पत्करून विका. दोन्ही टाळणारं सॉफ्टवेअर कोणी विकत असेल तर सावध राहा. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रूअर यांनी २००० साली हीच अडचण मांडली आणि २००२ मध्ये तिची गणिती सिद्धताही झाली, त्यामुळे जाहिरातीने ती सुटत नाही. व्यवहारात मधला मार्ग निघतो: रोज सकाळी प्रत्येक दुकानाच्या नावाने काही कट्टे राखून ठेवा, समजा इतवारीला ४०, वर्धा रोडला २५. नेट गेलं तर आपल्या वाट्यापुरतं विकायचं.

नेट नसताना केलेल्या बिलांचे नंबरही आपटतात. दोन्ही दुकानं ४५१ नंतर ४५२ काढतात आणि नेट आल्यावर दोन ४५२ तयार. दुकानागणिक वेगळी मालिका ठेवा, इतवारीला 'आयटी' आणि वर्धा रोडला 'डब्ल्यूआर' अशी सुरुवात. जीएसटीच्या नियमांत एकाहून जास्त मालिका चालतात, मात्र नंबर १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा.

प्रश्न: झीरो माइल नागपुरात, म्हणजे देशाचा मध्य इथे असं म्हणतात. मग आमच्या साइटचा सर्व्हर मुंबईत का ठेवायचा? हैदराबाद तर नागपूरला मुंबईपेक्षा जवळ आहे.
(वाचक, सिव्हिल लाइन्स)

उत्तर: नकाशावर जवळ आहे, खरं. अॅमेझॉनचं मुंबईतलं क्लाउड केंद्र २०१६ मध्ये आणि हैदराबादचं २०२२ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे, गूगलची मुंबई आणि दिल्लीत. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ८०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद, हैदराबाद ५०० धरलं तर ५. तीन मिलिसेकंदांचा फरक माणसाला कळत नाही. शिवाय केबल सरळ रेषेत जात नाही आणि तुमची इंटरनेट कंपनी हैदराबादचा डेटाही आधी मुंबईला नेऊन मग वळवत असेल तर जवळचं तेच लांब पडतं. दोन्हीकडे आपल्या जोडणीवरून, संध्याकाळी आठच्या गर्दीत, शंभर-शंभर वेळा पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजा, आणि कमी आकडा घ्या.

फरक पडतो तो अमेरिकेत सर्व्हर असला की. सुरक्षित पान उघडायला साधारण तीन हेलपाटे होतात: ओळख, कुलूप ठरवणं आणि मागणी. मुंबईला एक हेलपाटा २० मिलिसेकंदांचा असेल तर ६० मध्ये काम होतं, व्हर्जिनियाला २३० चा असेल तर जवळपास ७००. आणि अनेक स्वस्त पॅकेजमध्ये, काही न निवडता 'पुढे' दाबत गेलं तर, सर्व्हर अमेरिकेतच मिळतो.

प्रश्न: ऑफिसातला जुना सर्व्हर मे महिन्यात दुपारी आपोआप बंद पडतो. खोलीत कूलर लावू का?
(सहकारी पतसंस्था, महाल)

उत्तर: कूलर अजिबात नको. तो हवेत पाणी सोडतो. बंद खोलीत त्या ओलीने बोर्डाच्या पट्ट्या गंजतात, आणि आपल्याकडच्या टाकीच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पंख्यांवर बसतात. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांत हवी. एसीच लागेल, आणि वीज गेल्यावर यूपीएस सर्व्हरला चालवतो पण एसीला नाही, त्यामुळे बाहेर ४५ अंश असताना लहान खोली बघता बघता तापते. यूपीएसला सर्व्हरशी यूएसबीने जोडा आणि पाच मिनिटांनी नीट बंद होण्याची सूचना लावा. या पत्रामागे क्लाउडवर जायचा विचार असेल तर आधी रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीत जातो का ते पाहा, बाकीचं सावकाश.

प्रश्न: लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो, सीझनला २ टीबी होतात. एका फोल्डरला क्लाउड सिंक लावलं होतं. असिस्टंटने लॅपटॉपवरून दोन लग्नं चुकून डिलीट केली, क्लाउडवरूनही गेली. क्लाउड म्हणजे बॅकअप ना?
(फोटोग्राफर, सदर)

उत्तर: सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडे पुसलं, इकडे व्हायरसने फाइल कुलूपबंद केली की तिकडेही कुलूपबंद. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, तेवढ्यात असाल तर हे वाचणं थांबवून आधी ती परत घ्या.

बॅकअपसाठी ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे फाइली ठेवायची क्लाउडमधली कोठी, घ्या आणि त्यात व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे पुसलेल्या फाइलची आधीची प्रत राहते. वर चढवायला किती वेळ लागेल ते मोजायचं सूत्र: जीबी गुणिले ८,०००, भागिले अपलोडचा वेग एमबीपीएसमध्ये, उत्तर सेकंदांत. २,००० जीबी आणि २० एमबीपीएस असेल तर ८ लाख सेकंद, म्हणजे सव्वानऊ दिवस अखंड. १०० एमबीपीएसला ४४ तास. जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा विचारा. फाइल तुकड्यांत चढवणारं साधन वापरा. ६४ एमबीचे तुकडे ठेवले तर वीज गेल्यावर तेवढा तुकडाच पुन्हा जातो. अर्धवट राहिलेल्या तुकड्यांचंही भाडं लागतं आणि ते फाइलींच्या यादीत दिसत नाहीत. सात दिवसांनी असे तुकडे पुसायचा नियम लावून ठेवा.

ठेवणं स्वस्त, परत आणणं महाग. मोठ्या कंपन्यांच्या भारतातल्या केंद्रांतून डेटा बाहेर काढायला जीबीमागे साधारण ८ ते १० रुपये पडतात. २ टीबी एकदम परत मागवलात तर १६ ते २० हजार, वर १८ टक्के जीएसटी. अॅमेझॉनचा सर्वांत स्वस्त अर्काइव्ह वर्ग घेतला तर फाइल हातात यायला १२ तास लागू शकतात आणि १८० दिवसांआधी पुसली तरी १८० दिवसांचे पैसे द्यावे लागतात. चालू सीझनसाठी तो घेऊ नका, अल्बम दिलेल्या लग्नांसाठी घ्या. एक हार्ड डिस्क मात्र घरी, स्टुडिओबाहेर, राहू द्याच.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. जुन्या छापील कागदांची ४०,००० स्कॅन पानं ओसीआर करायची, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात उतरवायची, आहेत. १६ मशिनी लावल्या तर वेग फक्त पाचपट वाढला. गाइड म्हणतात कोड चुकला.
(विद्यार्थिनी, हिंगणा रोड)

उत्तर: कोड बरोबर असू शकतो. एकट्या मशिनीवर शंभर मिनिटांपैकी १५ मिनिटं तरी वाटता न येणाऱ्या कामात जात असतील: झिप उतरवणं, उलगडणं, शेवटी सगळं एका फाइलीत जोडणं. उरलेल्या ८५ ला १६ ने भाग, साधारण ५.३ येतात, अधिक १५. एकूण २०.३, म्हणजे वेग ४.९ पट. वाटता न येणारं काम वेगाला मर्यादा घालतं, हा संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांचा १९६७ चा नियम आणि तुझा आकडा जुळतात, गाइडना हाच हिशेब दाखव. मशिनी शंभर केल्यास तरी सातपटीच्या पुढे जाणार नाही. तेव्हा आधी ते १५ कमी कर. पानं एका झिपऐवजी सुटी ठेव, म्हणजे प्रत्येक मशीन आपली पानं आपण उचलेल.

वाटणीही बदल. तू १६ मशिनींना २,५०० पानांचे १६ गठ्ठे दिले असशील. ज्या गठ्ठ्यात शाई पसरलेली, वाळवी लागलेली पानं आली ती मशीन शेवटपर्यंत घासत राहते, बाकी पंधरा रिकाम्या बसतात. १०० पानांचे ४०० गठ्ठे करून रांगेत ठेव, जी मोकळी होईल ती पुढचा घेईल. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ च्या मॅपरिड्यूसच्या (काम अनेक मशिनींत वाटण्याची पद्धत) निबंधात शेवटी रेंगाळणाऱ्या मशिनींवर आणखी एक तोड दिली आहे: काम संपत आलं की उरलेले गठ्ठे दोघांना द्यायचे, जो आधी संपवेल त्याचं घ्यायचं.

अॅमेझॉनची एसक्यूएस रांग वापरत असशील तर एक सेटिंग लगेच बघ. गठ्ठा उचलला की तो इतरांना ३० सेकंदच दिसेनासा होतो, ही मूळ मुदत. तुझ्या गठ्ठ्याला चार मिनिटं लागत असतील तर तेवढ्यात तो पुन्हा रांगेत दिसतो आणि दुसरी मशीन तेच काम करते. पानं ४०,००० आणि निकाल ५२,००० असं काही दिसलं असेल तर कारण हेच. मुदत १५ मिनिटं कर, आणि निकालाच्या फाइलला पानाचाच नंबर नाव म्हणून दे, म्हणजे दोनदा झालं तरी एकच राहील.

एवढं झालं की स्पॉट मशिनी, म्हणजे कंपनीकडे रिकाम्या पडलेल्या मशिनी, बिनधास्त घे. त्या फार स्वस्त पडतात, पण कंपनी दोन मिनिटांची सूचना देऊन काढून घेते. गेली तर गठ्ठा रांगेत परत येतो, नुकसान १०० पानांचं. प्रोजेक्ट सादर केल्यावर मशिनी नुसत्या 'स्टॉप' करू नकोस. थांबलेल्या मशिनीच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, राखून ठेवलेल्या आयपी पत्त्याचंही. 'टर्मिनेट' कर, मग डिस्कची यादी उघडून एकही मागे राहिली नाही ना ते डोळ्यांनी बघ.